शांघाय डिस्नीलँड: २०२० पासून रखडलेला बेत, आता नव्याने कसा आखावा?

यिवूकर

मुक्काम यिवू, चज्यांग प्रांत. मूळ बेत जानेवारी २०२० च्या चिनी नववर्षाचा होता आणि तिघांचा होता. आता माणसं सहा: आम्ही दोघं (वर्क परमिट, रेसिडन्स परमिट), मुलगी दहा वर्षांची, उंची १३७ सेंमी, मुलगा साडेचार वर्षांचा, उंची १०६ सेंमी, शिवाय पुण्याहून दोन महिन्यांसाठी येणारे आजी-आजोबा. त्यातले आजी-आजोबा आणि आम्ही दोघंही शाकाहारी.

२०१९ साली केलेली वही अजून आहे: तिकिटांचे दर, फास्टपासचा (राइडची लांब रांग टाळायच्या पासचा) क्रम, गाड्यांच्या वेळा. त्यातलं काय चालेल आणि काय फेकायचं? तारीख नोव्हेंबरच्या आसपास. पुढच्यांनाही उपयोग होईल म्हणून उत्तरं तपशिलात द्यावीत ही विनंती.

---

कंदील

वही फेका. २०१९ च्या वहीतली एकच गोष्ट खरी आहे, ती म्हणजे मेट्रोची ११ नंबरची लाइन अजून तिथेच जाते.

बदल असे आहेत. पार्क १६ जून २०१६ ला उघडलं तेव्हा तिकीट ३७० आणि गर्दीच्या दिवशी ४९९ युआन होतं. जून २०२३ पासून तारखेनुसार चार टप्पे झाले: ४७५, ५९९, ७१९ आणि ७९९. मुलं आणि ज्येष्ठ यांना साधारण पाऊणपट पडतं. त्यामुळे 'कोणत्या दिवशी' हा प्रश्न आता फक्त गर्दीचा नाही. तोच दिवस दोन टप्पे वर गेला की सहा जणांमागे हजाराच्या वर फरक पडतो. तिकीट काढण्याआधी अधिकृत अ‍ॅपमधल्या कॅलेंडरवर तीन-चार तारखांवर बोट ठेवून बघा, आकडे लगेच दिसतात.

मोफत फास्टपास गेला. त्या जागी पैसे देऊन घ्यायचा प्रीमिअर अ‍ॅक्सेस आहे. त्यावर खाली कुणीतरी भांडेलच.

टॉय स्टोरी लँड २०१८ चं, ते तुमच्या वहीत असेल. झुटोपिया नसेल. तो भाग २० डिसेंबर २०२३ ला उघडला, आता एकूण आठ भाग आहेत. दार उघडल्यावर लोकांचा पहिला लोंढा झुटोपियाकडेच जातो, म्हणून जुन्या लेखांतलं 'आधी सोअरिंग (उडण्याचा भास देणारी राइड) गाठा' हे आता अर्धंच खरं.

आणि सर्वात मोठा बदल म्हणजे तिकीट नावानिशी, ओळखपत्राला जोडलेलं. परदेशी माणसाचं ओळखपत्र म्हणजे पासपोर्ट. सहाही जणांचे मूळ पासपोर्ट दारात लागतील, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

---

धोपटमार्ग

कंदील यांनी पासपोर्ट म्हटलंय, त्याचीच पुढची गाठ सांगतो. बहुतेकांची गाडी इथेच अडते.

भारतीय पासपोर्टचं नूतनीकरण झालं की क्रमांक बदलतो. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. म्हणजे २०२० पासून रखडलेल्या बेतात मुलीचा पासपोर्ट एकदा तरी नक्की बदललेला आहे. पण १२३०६ (रेल्वेचं अ‍ॅप), डिस्नीचं खातं, सीट्रिपसारखी प्रवास-आरक्षणाची अ‍ॅप्स यांत 'नेहमीचे प्रवासी' म्हणून जुना क्रमांक बसलेला असतो. तिकीट काढताना नावावर टिचकी मारली की जुना क्रमांक गुपचूप जातो आणि ते कळतं थेट गेटवर.

म्हणून क्रम असा ठेवा:

१) पासपोर्ट नवा झाला असल्यास रेसिडन्स परमिट नव्या पासपोर्टवर आलंय का, हे आधी पाहा.
२) मग बँक. बँकेत जुना क्रमांक असेल तर अलीपे आणि वीचॅट या पैसे देण्याच्या अ‍ॅप्सची ओळख-पडताळणी कधीही अडकू शकते, आणि ती नेमकी पैसे देतानाच अडकते.
३) मग मोबाइल कंपनी.
४) मग १२३०६. जुना प्रवासी दुरुस्त करत बसू नका, काढून टाका आणि नव्याने भरा. पडताळणीला वेळ लागू शकतो, आदल्या रात्री हे काम काढू नये.
५) शेवटी डिस्नी.

नावाचं वेगळंच. आपल्याकडे पासपोर्टात 'दिलेलं नाव' या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी त्या बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात ना, त्यातल्या पहिल्या ओळीत जसं आहे तसंच भरायचं: आधी आडनाव, मग उरलेलं सगळं. मधलं नाव गाळायचं नाही, 'सौ.'सारखं काही जोडायचं नाही. आजींचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर तेच.

---

यिवूकर

धोपटमार्ग, मुलीचा पासपोर्ट नवा आहे आणि परमिटच्या कामासाठी एक्झिट-एंट्री कार्यालयात जाणार आहे. त्या काळात पासपोर्ट त्यांच्याकडे राहील, तर मिळणाऱ्या पावतीवर प्रवास जमतो ना?

---

धोपटमार्ग

पावती फोटोसकट मिळते आणि देशात राहायला-फिरायला ती वैध आहे. पण रेल्वेच्या गेटवर, हॉटेलच्या काउंटरवर आणि पार्कच्या दारात अशा तीन वेगळ्या ठिकाणी तीन वेगळ्या माणसांना ती पटवून द्यायची, तेही रांग मागे लागलेली असताना. शिवाय तिकिटात पासपोर्ट क्रमांक आणि हातात पावती. सहलीची तारीख पासपोर्ट हातात पडल्यानंतरची ठेवा. एवढी वर्षं थांबलात तर आणखी दोन-तीन आठवडे काही जड नाहीत.

---

पंचांगवाचक

तारखेबद्दल.

टाळायचे दिवस सगळ्यांना माहीत असतात: चिनी नववर्ष, १ मेची सुट्टी, १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा, जुलै-ऑगस्टमधली शाळांची सुट्टी. एप्रिलच्या सुरुवातीच्या छिंगमिंगचा (पितरांच्या स्मरणाच्या सणाचा) सुट्टीचा तुकडाही त्यात धरा.

कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट वेगळी आहे. इथे मोठ्या सुट्टीच्या बदल्यात आसपासचा एखादा शनिवार किंवा रविवार कामाचा जाहीर होतो. त्या दिवशी चिनी शाळा आणि कचेऱ्या चालू असतात. पार्कसाठी तो रविवार असून सोमवारसारखा. मुलं आंतरराष्ट्रीय शाळेत असतील आणि त्या शाळेला त्या दिवशी सुट्टी असेल, तर याहून चांगला दिवस नाही. पुढच्या वर्षीच्या सुट्ट्या आणि असे बदली दिवस आधीच्या नोव्हेंबरच्या सुमारास जाहीर होतात.

हवामान: जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत 'मेइयू'चा चिकट पाऊस. मग वादळं, ती सप्टेंबरपर्यंत. १६ सप्टेंबर २०२४ ला बेबिन्का वादळ थेट पुदोंगच्या (पार्क आहे त्याच भागाच्या) किनाऱ्यावर आलं, पार्क बंद ठेवावं लागलं, आणि तो दिवस मध्य-शरद उत्सवाच्या सुट्टीतला होता. सप्टेंबरची तिकिटं काढणाऱ्यांनी हॉटेल रद्द करता येईल असंच घ्यावं.

नोव्हेंबर उत्तम. दिवसा स्वेटर काढावा लागतो, रात्री आतषबाजीच्या वेळी पुन्हा घालावा लागतो. मंगळवार ते गुरुवार पाहा.

---

खडखडगाडी

प्रवासाचं मी सांगतो.

यिवू ते शांघाय होंगच्याव, जलद गाडीने साधारण दीड तास. तिकिटं १५ दिवस आधी खुली होतात. परतीच्या अटी लक्षात ठेवा: गाडीच्या आठ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर काही कापत नाहीत, ४८ तास आधीपर्यंत ५ टक्के, २४ तास आधीपर्यंत १० टक्के, त्यानंतर २० टक्के.

मुलांच्या तिकिटाचा नियम १ जानेवारी २०२३ पासून उंचीवरून वयावर आला, हेही तुमच्या वहीत चुकीचं असेल. सहा वर्षांखालचं एक मूल एका मोठ्या माणसाबरोबर फुकट, पण जागा मिळत नाही. सहा ते चौदा वर्षांखालच्यांना बाल-तिकीट. साडेचार वर्षांच्या मुलाला फुकट नेणार असाल तरी तिकीट काढताना अ‍ॅपमध्ये त्याचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक बरोबरचं मूल म्हणून टाका. दीड तास मांडीवर बसवायचं नसेल तर सरळ बाल-तिकीट काढा.

स्टेशनवर चिनी ओळखपत्राचे गेट पासपोर्ट वाचतीलच असं नाही. कडेला माणूस बसलेला असतो, त्या रांगेत उभं राहायचं. सहा जणांचे सहा पासपोर्ट, म्हणून ४०-४५ मिनिटं आधी पोचा. गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी गेट बंद होतं, धावत जाऊन डबा पकडायचा आपला प्रकार इथे नाही.

सुरक्षा तपासणीत फवारा असलेले डबे १५० मिलीपर्यंतच. डासांचा स्प्रे आणि सनस्क्रीनचा मोठा फवारा तिथेच ठेवून जावं लागतं. मलमाची ट्यूब न्या. सुरी नको, फळं घरूनच कापून घ्या.

होंगच्यावहून पुढे मेट्रो: २ नंबरची लाइन, ज्यांगसू रोडला उतरून ११ नंबर, तिचं शेवटचं स्टेशन डिस्नी रिसॉर्ट. १० नंबरने जाऊन च्याओथोंग विद्यापीठ स्टेशनलाही ११ मिळते. एकूण सव्वा ते दीड तास धरा. परत येताना ११ नंबरच्या गाडीवर दोन वेगवेगळी शेवटची स्टेशनं दिसतील, कारण पुढे तिला फाटा आहे. ज्यांगसू रोड फाट्याच्या अलीकडे येतं, त्यामुळे कोणतीही चालते.

भाडं सहा किलोमीटरपर्यंत ३ युआन, पुढे दर दहा किलोमीटरला साधारण १ युआन. १.३ मीटरपेक्षा कमी उंचीचं एक मूल मोठ्या माणसाबरोबर फुकट. मुलगा फुकट, मुलीचं तिकीट. एका मोबाइलच्या क्यूआरवर सगळ्यांना आत सोडता येत नाही, प्रत्येकाला स्वतःचा कोड हवा. आजी-आजोबांसाठी यंत्रातून सुटं कार्ड काढा.

---

सुसाट

११ नंबरने सामानासकट दीड तास कशाला? २७ डिसेंबर २०२४ पासून विमानतळ जोड-लाइन चालू झाली. होंगच्याव टर्मिनल २ ते पुदोंग विमानतळ ४० मिनिटांत, पूर्ण भाडं २६ युआन. मध्ये 'आंतरराष्ट्रीय पर्यटन रिसॉर्ट' हे स्टेशन आहे. तिथे उतरायचं.

---

खडखडगाडी

नावावर जाऊ नका. ते स्टेशन रिसॉर्टच्या हद्दीचं आहे, पार्कच्या दाराचं नाही. पुढे बस किंवा दीदी (अ‍ॅपवरून मागवायची टॅक्सी) करावी लागते. त्यात होंगच्यावला रेल्वेतून उतरून टर्मिनल २ पर्यंत जमिनीखालून चालायचं. दोन ज्येष्ठ, एक झोपाळलेलं मूल. सहा जण म्हणजे दीदीच्या साध्या गाडीत बसत नाहीत, मोठी सात आसनी मागवावी लागते किंवा दोन गाड्या.

---

सुसाट

मान्य, पण आदल्या दिवशी हॉटेलवरच उतरायचं असेल तर माझाच रस्ता चांगला. सकाळी थेट पार्कला जायचं असेल तर तुमचा.

---

खडखडगाडी

थेट सकाळी यिवूहून निघू नयेच. दार उघडताना पार्कच्या रांगेत असायला हवं, आणि आतषबाजी संपल्यावर यिवूची गाडी पकडणं म्हणजे मुलांचे हाल. दोन रात्री मुक्काम, मधला पूर्ण दिवस पार्क.

---

मुक्कामपोस्ट

मुक्कामाचं थोडक्यात. रिसॉर्टच्या आत राहिलात तर बाकीच्यांच्या आधी आत जाता येतं, पैसे त्याचेच आहेत. बाहेर छ्वानशा भागात पुष्कळ घरगुती मुक्काम आहेत, बरेच जण पार्कपर्यंत गाडीने सोडतात. परदेशी पाहुण्यांना नाही म्हणता येणार नाही, असं २०२४ मध्ये सरकारने हॉटेलांना बजावलं आहे, तरी छोट्या जागांना पासपोर्टची नोंदणी कशी करायची तेच ठाऊक नसतं. आरक्षणाआधी निरोप पाठवा: 'सहा परदेशी पासपोर्ट, त्यात दोन मुलं, नोंदणी करता का?' उत्तर लेखी घ्या.

---

फूटपट्टी

राइडला उंची बघतात, वय नाही. तुमच्या दोन मुलांचा हिशेब करून टाकते.

सात बुटक्यांची खाणगाडी: किमान ९७ सेंमी. दोघंही बसतील.
सोअरिंग: १०२. दोघंही.
रोअरिंग रॅपिड्स, पाण्यातली: १०७. मुलगा एका सेंटिमीटरने बाहेर.
रेक्सची गाडी, टॉय स्टोरीतली: १२०. फक्त मुलगी.
ट्रॉन, मोटरसायकलवर बसायची वेगवान राइड: १२२. फक्त मुलगी.
समुद्री चाच्यांची राइड, पीटर पॅन, बझ लाइटइयर: उंचीची अट नाही.

आता त्या एका सेंटिमीटरबद्दल. माणूस सकाळी उंच असतो आणि दिवसभरात मणके दबून साधारण एक सेंटिमीटर कमी होतो, लहान मुलंसुद्धा. घरी संध्याकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला लावून, डोक्यावर पुस्तक सपाट धरून मोजा. तो आकडा खरा. सकाळी १०७ आणि संध्याकाळी १०६ भरत असेल तर ती राइड सकाळीच करायची. जाड तळाच्या बुटांचा आधार घेऊ नका. मोजपट्टीशी उभा असलेला कर्मचारी वाद घालत नाही, नुसती मान हलवतो, आणि तासभर रांगेत उभं राहिल्यावर मूल तिथेच बसकण मारतं. म्हणून रांगेत शिरण्याआधी, अगदी तोंडाशी असलेल्या पट्टीला उभं करून विचारून घ्या.

मुलगी ट्रॉनला जाईल तेव्हा एकाने मुलापाशी थांबायचं. तुमच्याकडे आजी-आजोबा आहेत, त्यामुळे दोघांनाही जाता येईल.

पार्कच्या तिकिटाला मात्र उंची-वयाचा वेगळा नियम आहे, तो तिकिटाच्या पानावर वाचा. एवढं नक्की की १०६ सेंमीचा मुलगा फुकटात बसत नाही. बजेटमध्ये ते तिकीट धरा.

---

हिशेबनीस

प्रीमिअर अ‍ॅक्सेस प्रत्येक माणसाला वेगळा आणि प्रत्येक राइडला वेगळा. किंमत दिवसानुसार बदलते. सहा जणांना सरसकट संच घेणं म्हणजे दुसरं तिकीटच. मंगळवारी जा आणि रांगेत उभे राहा.

---

कंदील

हे म्हटलंच होतं मी. सरसकट कुणीच घेऊ नये. पण ज्या राइडला मुलगा बसणार नाही तिचा त्याच्यासाठी घ्यायचा नाही, आजी-आजोबा ज्यात बसणार नाहीत तिचा त्यांच्यासाठी नाही. म्हणजे ट्रॉनसाठी तीनच लागतात. सोअरिंग सगळ्यांनाच झेपते आणि तिची रांग दिवसभर हटत नाही. पैसे घालायचे तर तिथे. झुटोपियाला दार उघडताच जा, तिथे विकत घ्यायची गरज पडत नाही.

संच घेतला तर पैसे भरण्याआधी यादी एकेक राइड करून वाचा. संचात अशा राइड असतात ज्यांना एरवीही फारशी रांग नसते.

---

हिशेबनीस

तीन जणांपुरतं मान्य. आणि बाहेर दलाल 'आत नेतो, रांग नाही' म्हणत फिरतात, त्यांना 'हुआंगन्यू' म्हणतात, पिवळे बैल. नावानिशी तिकिटाच्या काळात त्यांच्याकडून काहीही घेऊ नका.

---

दशमी

खाण्याचं कुणी बोललंच नाही! शाकाहारी चार जण आहेत हो.

घरचं खाणं नेता येतं. ही मुभा सप्टेंबर २०१९ पासूनची. त्याआधी बाहेरचं खाणं बंद होतं, शांघायच्या एका कायद्याच्या विद्यार्थिनीने दावा लावला आणि नियम बदलला. अजूनही नको असलेलं: दारू, काचेचे डबे, गरम करावं लागणारं किंवा थंड ठेवावं लागणारं काहीही, उग्र वासाचं. म्हणजे पाणी घातलं की आपोआप तापणारी हॉटपॉटची खोकी नाहीत, कपातल्या नूडल्स नाहीत, ड्युरियन नाही. उग्र वासात आपलं लसणाचं लोणचं धरतील की नाही हा वाद दारात घालायचा नसेल तर ते घरी ठेवा.

काय न्यावं: दुधातल्या दशम्या. पाणी अजिबात घालायचं नाही, कणीक गार दुधात भिजवायची, थोडं तूप, मीठ. दोन दिवस मऊ राहतात. यिवूत मिळणारं पीठ बहुतेक मैद्यासारखं असतं, त्याच्या दशम्या रबरासारख्या ताणतात. भारतीय किराण्याच्या दुकानातली चक्कीची कणीक घ्या. माणशी चार दशम्या, दाण्याची कोरडी चटणी, गूळ. सोबत चिवडा, राजगिऱ्याच्या वड्या, उकडलेली रताळी. रताळी आयत्या वेळी कुठल्याही चिनी दुकानात गरमागरम भाजलेली मिळतात. दही-भात नको, तो थंड ठेवावा लागतो. प्लास्टिकचे किंवा स्टीलचे डबे, तपासणीच्या टेबलावर उघडता येतील असे वरच ठेवा.

पिण्याच्या पाण्याची सोय आत आहे आणि इथल्या रीतीप्रमाणे गरम पाणीही मिळतं. रिकामा थर्मास न्या. चहाची पुडी टाकली की आजोबांचा प्रश्न सुटला.

आत विकत घ्यायचं झालं तर पिनोकिओच्या खाणावळीत पिझ्झा असतो, पण तिथे बदकाच्या मांसाचाही पिझ्झा आहे, चित्र बघून बोट दाखवू नका.

---

तिखटमीठ

दशमीताईंना जोड. सर्वात फसवा पदार्थ म्हणजे 'रौसोंग'. बेकरीतल्या गोड पावावर वरून सोनेरी, लोकरीसारखा भुरभुराट असतो. आपल्याला भाजलेल्या खोबऱ्याचा कीस वाटतो. ते डुकराचं वाळवून पिंजलेलं मांस असतं. होंगच्याव स्टेशनवरच्या बेकऱ्यांत हे सर्रास.

दुसरं, हिरवी भाजी. भाजी शुद्ध, पण परतलेली डुकराच्या चरबीत, वर कोंबडीच्या चवीची पूड आणि ऑयस्टर सॉस. 'मांस नको' एवढं म्हटलं की तुकडे काढतात, बाकीचं तसंच राहतं. म्हणून चिनी लिपीत एक चिठ्ठी मोबाइलमध्ये ठेवा, त्यात पाच गोष्टी वेगवेगळ्या लिहा: मांस नाही, मासे-कोळंबी नाही, चरबी नाही, हाडांचा रस्सा नाही, कोंबडीची पूड नाही. तोंडाने म्हणायचं तर 'वो छ्श सू', मी शाकाहारी जेवतो. अंडं चालत असेल तर ते वेगळं सांगा, कारण 'सू' म्हटल्यावर काही ठिकाणी बौद्ध पद्धतीने कांदा-लसूणही गाळतात. आजींचा उपास असेल तर तेवढंच सोयीचं!

---

सहजविचार

एवढा खटाटोप करण्यापेक्षा हाँगकाँगचं डिस्नी का नाही? भारतीय जेवणही तिथे सहज मिळतं.

---

धोपटमार्ग

आजी-आजोबांमुळे. त्यांचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर हाँगकाँगला पाऊल टाकलं की चीनमधून बाहेर पडल्याची नोंद होते आणि परत यिवूला येता येत नाही. रेसिडन्स परमिटवाल्यांना ही अडचण नाही. शिवाय भारतीय पासपोर्टला हाँगकाँगसाठी आगाऊ ऑनलाइन नोंदणी लागते, सहाही जणांना वेगवेगळी. आजी-आजोबांचा परतीचा प्रवास हाँगकाँगमार्गे असेल तर मात्र शेवटी जोडून घेता येईल.

त्यांच्याच कागदांबद्दल: चीनमध्ये नोकरी करणाऱ्या परदेशी माणसाच्या आईवडिलांना भेटीसाठी एस२ प्रकारचा व्हिसा, १८० दिवसांपर्यंत. तुमचं निमंत्रणपत्र, पासपोर्ट आणि परमिटची प्रत, नातं दाखवणारा कागद. चीनच्या बिनव्हिसा संक्रमणाच्या २४० तासांच्या यादीत भारत नाही, त्या भरवशावर कुणी तिकीट काढू नये. आल्यावर तुमच्या घरी राहणार म्हणजे २४ तासांच्या आत स्थानिक पोलीस ठाण्यात नोंद. ती तुमच्या जबाबदारीत येते. शांघायच्या हॉटेलात हॉटेलच करतं.

---

मुक्कामपोस्ट

थेट विमानं २०२५ च्या ऑक्टोबर अखेरीपासून पुन्हा सुरू झाली, आधी कोलकाता ते ग्वांगचौ, मग नोव्हेंबरात शांघाय ते दिल्ली. पुण्याहून येणाऱ्यांना दिल्लीचा टप्पा पडतो, तरी बँकॉक-सिंगापूरच्या फेऱ्यापेक्षा बरं.

ग्वांगचौला उतरून चीनमधलंच विमान पकडणार असतील तर पॉवर बँक सांभाळा. २८ जून २०२५ पासून देशांतर्गत विमानात ३सी (चिनी सुरक्षा-प्रमाणपत्राची) खूण नसलेली पॉवर बँक चालत नाही, काढून घेतात. भारतात घेतलेल्यांवर बहुतेक ती नसते. पुण्यालाच ठेवा म्हणावं. इथे प्रत्येक दुकानाच्या दाराशी भाड्याच्या मिळतात.

पैशांसाठी त्यांच्या मोबाइलवर अलीपेला परदेशी कार्ड जोडता येतं. एका व्यवहारात २०० युआनच्या वर गेलं तर ३ टक्के शुल्क लागतं. तुम्ही बरोबर असाल तर खटाटोप नको, हातात तीन-चारशे युआन सुटे द्या. नोटा नाकारता येत नाहीत.

---

फूटपट्टी

आजी-आजोबा दिवसभर चालू शकणार नाहीत हे गृहीत धरा. दुपारी दीड-दोन तास त्यांच्यासाठी बसून बघायचे कार्यक्रम काढून ठेवा. घडीच्या खुर्च्या आत नेता येत नाहीत, सामान ओढायची घडीची हातगाडी नाही, सेल्फी स्टिकही नाही. मुलाची बाबागाडी चालते. साडेचार वर्षांचा म्हणून घरी ठेवू नका, संध्याकाळी सहानंतर ती लागतेच.

---

यिवूकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आतापर्यंत ठरलेलं असं: मुलीचा पासपोर्ट हातात आल्यावर बँक, मोबाइल, १२३०६, डिस्नी या क्रमाने दुरुस्ती. नोव्हेंबरातला बुधवार. मंगळवारी दुपारी गाडी, जोड-लाइनने हॉटेल (सुसाट जिंकले). बुधवारी झुटोपिया आधी, दुपारी आजी-आजोबांसाठी कार्यक्रम, सोअरिंगचे सहा आणि ट्रॉनचे तीन प्रीमिअर अ‍ॅक्सेस. गुरुवारी उशिरा परत. दशम्या चोवीस.

मुलगा काल संध्याकाळी १०६.४ भरला. सकाळी १०७.२. पाण्याच्या राइडसाठी सकाळी पहिली तीच धरावी का? मग झुटोपिया हातचं जातं.

---

कंदील

झुटोपिया सोडू नका. पाण्याची राइड बाहेर उघड्यावर आहे आणि पाणी चांगलंच अंगावर येतं. नोव्हेंबरात सकाळी नऊला ओल्या मोज्यांनी दिवस सुरू कराल. शिवाय थंडीच्या सुमारास पाण्याच्या राइड डागडुजीसाठी बंद ठेवतात. अ‍ॅपमध्ये त्या तारखेला बंद असलेल्या राइडची यादी दिसते, ती आधी बघा. बंद असेल तर सेंटिमीटरचा प्रश्न मिटला. उघडी असेल तर सगळ्यांचे जादा मोजे घ्या आणि झुटोपियानंतर लगेच जा. पण उंची सर्वात झपाट्याने उठल्यानंतरच्या पहिल्या तासा-दोन तासांतच घटते, म्हणून दहापर्यंत तो १०७ भरेलच असं नाही.

---

फूटपट्टी

बाबागाडीत बसवून न्या म्हणजे पाय तरी दमणार नाहीत.